डावीकडचा ब्रेक

१

गाडीत कुणी कुठे बसायचं हे त्या घरात फार पूर्वीच ठरून गेलं होतं. उजवीकडे शिकणारा, डावीकडे मास्तर, आणि मागे आई, पिशव्या, पाण्याची बाटली. मास्तरांना जाऊन आता काही महिने झाले होते, तरी त्या सकाळी आई मुकाट्याने मागेच जाऊन बसली. चिमीने पुढचं दार उघडून धरलं, तर म्हणाली, "नको गं बाई. मी तिथे बसले तर मलाही शिकवायला घेतील."

मास्तर म्हणजे चिमीचे बाबा. मोटर शिकवणं हा त्यांचा धंदा. गावातल्या निम्म्या लोकांच्या हातात पहिल्यांदा स्टिअरिंग दिलं ते त्यांनी, आणि तेही याच गाडीत. गाडी जुनी, पुढची सीट बाकासारखी अखंड, हँडब्रेक स्टिअरिंगच्या खाली, ओढला की करकर वाजणारा. डाव्या बाजूलाही पायाशी दोन पेडल बसवलेली: एक क्लच, एक ब्रेक. शिकणारा चुकला की मास्तर डावीकडून ब्रेक दाबत. खट असा छोटा आवाज होई आणि गाडी जागच्या जागी थांबे. ओरडणं नाही, टोमणा नाही. "माझा पाय आहे. तू जा," एवढंच म्हणायचे.

धडा संपण्याचीही रीत होती. गाडी कडेला थांबली की मास्तर ब्रेकवर पाय तसाच ठेवून, वाकून, शिकणाऱ्याच्या गुडघ्यांवरून हात घालून हँडब्रेक ओढत. मग पाय उचलत. खाली उतरत, बॉनेटला वळसा घालून उजव्या दाराशी येत आणि म्हणत, "सरक. आता मी नेतो." शिकणारा डावीकडे सरके आणि मास्तर त्याला घरी आणून सोडत. लोकांची मुलं महिन्याभरात शिकून मोकळी झाली. चिमीचा धडा मात्र वर्षानुवर्षं चालला. गाडी ती झकास चालवायची, पण हँडब्रेक लावायची सवय तिला कधी लागलीच नाही. लागणार कशी? बाबांचा पाय होता ना.

आणि तो पाय काही गाडीपुरता नव्हता. दूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी तिला याआधी दोनदा लागली होती. दोन्ही वेळा बाबा म्हणाले होते, "लागू दे की. यंदा नको, पुढच्या वर्षी बघू." नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येतं. नुसता हळूच पाय ठेवणाऱ्याशी कसं भांडायचं, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं. वर सगळं जग म्हणतं, किती काळजी करतात हो तुझी.

ते गेले तेही याच गाडीत, डावीकडे बसून, एका शिकाऊ मुलीला वळण शिकवताना. गाडी अगदी कडेला, सरळ रेषेत उभी होती. ब्रेकवरचा पाय उचलायला दोन माणसं लागली. लोक हे कौतुकाने सांगत: गेल्यावरही पोरीला धक्का लागू दिला नाही. चिमी ते ऐकून मान हलवायची आणि घरात निघून जायची.

आता तिसरी नोकरी. डोंगरापलीकडच्या गावातली शाळा. उद्या सकाळची घंटा व्हायच्या आत हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल, असं मुख्याध्यापक फोनवर कोरडेपणाने म्हणाले होते. आईला मागे एकटं ठेवायचं नव्हतं. म्हणून घराला कुलूप लावून, दोघींचं जेवढं मावेल तेवढं सामान डिकीत कोंबून, दोघी निघाल्या होत्या.

२

गाव मागे पडलं आणि गाडी जड झाली.

आधी चिमीला वाटलं, चढ आहे. मग वाटलं, सामान जास्त झालं. मग समोरून वारा आहे असं वाटलं, पण कडेच्या झाडांचं पानही हलत नव्हतं. ॲक्सिलरेटर दाबावा तसं इंजिन नुसतं कण्हायचं. गाडी थोडी पुढे यायची, की कुठूनतरी बारीक खट, आणि पुन्हा गोगलगाय. मालमोटारी भोंगे वाजवत ओलांडून जात होत्या. एकीचा ड्रायव्हर मान बाहेर काढून म्हणाला, उतरून ढकलत न्या, लवकर पोहोचाल. आई मागून म्हणाली, "बरोबर सांगतोय मेला."

ऊन चढलं तसा जळका वास यायला लागला. चहाचं एक दुकान आणि त्याला लागून गॅरेज दिसलं, तिथे चिमीने गाडी उताराच्या कडेला उभी केली. दोघी दुकानाच्या बाकावर टेकल्या. चहा नुसता गरम होता, बाकी त्याच्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. आईने चप्पल काढून घोटे चोळले. चिमी मनातल्या मनात रस्ता मोजत होती: या चालीने रात्रीपर्यंतसुद्धा पोहोचणार नाही.

मेकॅनिक काळसर दाढीचा, झोप अपुरी झालेला माणूस होता. चाकाजवळ हात नेऊन त्याने झटकन मागे घेतला. ब्रेक धरून ठेवलाय, म्हणाला, चारही चाकं तापलीत. मग गाडीत डोकावला आणि जरा थबकला. त्याने विचारलं, हँडब्रेक का नाही लावला? चिमी ओशाळली. गियरमध्ये असेल, म्हणाली. गियरमध्येही नव्हती. इतक्या वेळात ती चहाच्या दुकानात येऊन पडली कशी नाही, याचं त्याला नवल वाटत होतं.

"उतार फार नसेल," चिमी म्हणाली.

मेकॅनिकने खिशातून एक मोठा नट काढून रस्त्यावर उभा ठेवला आणि सोडला. नट गडगडत खाली गेला, वेग घेत गेला, वळणाशी उडी मारून दिसेनासा झाला. मेकॅनिकने खांदे उडवले. "नशीब म्हणायचं, ताई," एवढंच बोलला आणि चाकाखाली दगड लावला.

दोष त्याच्या मते डावीकडच्या पेडलमध्ये होता. जुना जोड, कुठेतरी अडकतो आणि दाबलेलाच राहतो. शिकवायचं नसेल तर काढून टाका, म्हणाला. चिमीचा जीव भांड्यात पडला. विज्ञानाच्या माणसाला कारण मिळालं की बाकी सगळं सोसवतं. लोखंड तापलं, फुगलं, अडकलं. तिने आईकडे न बघताच सांगितलं, काढा.

दोन्ही पेडल, त्यांच्या सळ्या, स्प्रिंगा, सगळं निघालं. गाडीच्या तळाला पडलेल्या भोकांवर मेकॅनिकने पत्र्याचा तुकडा स्क्रूने आवळला आणि वर जुनी रबरी चटई अंथरली. पेडलवरचं रबर एका बाजूने झिजून तळव्याच्या आकाराचं झालं होतं. आईने ते पदराने पुसलं, पोत्यात गुंडाळलं आणि स्वतःच्या हाताने डिकीत, कपड्यांच्या बोचक्यावर ठेवलं.

३

गाडी हलकी झाली. काही वेळ.

मग पुन्हा जड. आता चढ नव्हता, वास नव्हता. सरळ, लांब, कंटाळवाणा रस्ता होता आणि दोन्ही बाजूंना कुणाचीच नसल्यासारखी पडीक जमीन. आई मागे मान टाकून झोपली होती. चिमीचे खांदे दगड झाले होते. ती वेग घ्यायची आणि डावीकडून आवाज यायचा.

खट.

पत्रा सैल असेल, असं तिने स्वतःला बजावलं. धक्क्याने वाजतो. पण आवाज धक्क्याला येत नव्हता. रस्त्यातले खड्डे निमूट जात. ती मनात नुसतं म्हणायची, या वेगाने गेलो तर अंधार पडायच्या आत डोंगर ओलांडू, की खट. जणू गाडीला नाही, त्या विचारालाच कुणी थांबवत होतं. डावीकडे बघायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं. ठरवावं लागलं, हेच तिला आवडलं नाही.

दुपार कलली तेव्हा एका फाट्यावर ती चुकली. पाटी मागे राहिली होती. तिने गाडी वळवली आणि आल्या वाटेने परत निघाली.

गाडी लोण्यासारखी धावली.

इंजिन गुणगुणायला लागलं. स्टिअरिंग बोटावर फिरत होतं. खिडकीतून गार वारा आला, आईने झोपेतच सुस्कारा सोडला. चिमीने मात्र ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलला, कारण गाडीचं तोंड घराकडे होतं. फाटा आला. तिने गाडी पुन्हा डोंगराच्या दिशेला घातली आणि दात आवळून वाट बघत राहिली. फार वाट बघावी लागली नाही.

योगायोग, ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. त्या बंद गाडीत तो शब्द कुणीतरी समजूतदारपणे ऐकून घेतल्यासारखा वाटला.

४

डोंगराच्या पायथ्याशी दिवस मावळला. पुढे जाण्यात अर्थ नव्हता. ड्रायव्हर लोकांना उतरायला असते तशी एक बैठी इमारत दिसली: ओळीने खोल्या, पुढे सिमेंटचा ओटा, ओट्यावर वाळत घातलेल्या चादरी. सांभाळणारी बाई पोक्त, घोगऱ्या आवाजाची. खोली दाखवताना तिने कोपऱ्यातली वीट पायाने पुढे सारली. जमीन तिरकी आहे, म्हणाली, दार उघडं ठेवायचं तर वीट लावा, नाहीतर तोंडावर आपटतं. मागच्या पाहुण्याचं बोट चेंगरलं. हे तिने दार एकदा सोडून दाखवलंही. धाडकन आवाज झाला, भिंतीवरचा आरसा थरथरला.

खोलीत दोन लोखंडी खाटा, एक स्टूल, एक बादली, छतावरून लोंबणारा दिवा. धुतलेल्या फरशीचा वास. आई एका खाटेच्या कडेवर बसली ती बसलीच. चिमी सामान आणायला गेली.

गाडी ओट्याजवळ उभी होती. तिने आज आठवणीने चाकाखाली दगड लावले होते. दोन पिशव्या घेऊन ती परतली आणि दारात थांबली. दार अर्धं उघडं होतं, तसंच्या तसं, स्थिर. वीट कोपऱ्यात होती.

तिने पिशवीने दार ढकललं. ते गेलं, पण हळूहळू, मऊपणे. पलीकडे कुणीतरी तळवा टेकवून ठेवलाय आणि तो थोडा थोडा मागे घेतोय, असं. दारामागे कुणी नव्हतं. तिने वाकून बिजागरी बघितली. गंज असेल. मघाशी गंज कुठे गेला होता, हा प्रश्न तिने विचारलाच नाही. ती फार दमली होती.

"तू गेलीस तेव्हापासून असंच आहे," आई म्हणाली. "मी वीट लावलीच नाही."

"वारा असेल."

"वारा दार आपटतो. धरून ठेवत नाही."

चिमीने पिशव्या खाटेखाली सारल्या. शेजारच्या खोलीत कुणीतरी चूळ भरली, खाकरलं, तेवढंच. मग आई, रोज घरी बोलायची अगदी त्याच कंटाळलेल्या सुरात, दाराकडे न बघता म्हणाली, "अहो, दमलीये ती. झोपू द्या आता."

दार मिटलं. आपटलं नाही. शेवटचं बोटभर अंतर तर इतक्या सावकाश मिटलं, की कडी लागल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

चिमीला ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. त्यातलं काहीच न करता ती म्हणाली की हे सगळं थकव्याने होतंय, दोघींना एकच भास होऊ शकतो, त्याला शास्त्रात कारणं आहेत. आईने ऐकून घेतलं. माहेरच्या माणसांबद्दल आणि शास्त्राबद्दल ती कधीच वाद घालत नसे. आडवी होऊन, पाठ करून, बऱ्याच वेळाने बोलली.

"उद्या मी पुढे बसते. जागा रिकामी दिसली की माणूस बसणारच."

"आई, तिथे कुणी नाही."

"मग माझी काय अडचण होणारे?" आई म्हणाली. "झोप."

५

उजाडताच निघाल्या. आई खरंच पुढे बसली. चढताना जराशी अडखळली, सीटवर हात फिरवला, आणि गुडघे धरले होते म्हणून चपला मागे ठेवून पाय वर घेऊन मांडी ठोकली. गुडघ्यांवर शाल ओढली. "बाई गं," म्हणाली, "पुढून किती दिसतं. आणि मला इतकी वर्षं मागे तुमची डोकी दाखवलीत."

गाडी पाखरासारखी निघाली.

चिमी वळणामागे वळण घेत राहिली आणि प्रत्येक वळणावर तो आवाज येण्याची वाट बघत राहिली. आला नाही. डोंगर चढून झाला, उतरूनही झाला. माथ्यावर धुकं होतं, खाली कौलं दिसली. दोघी कधी बोलायला लागल्या ते कळलंच नाही. आई म्हणाली, शाळेत पोरांवर ओरडू नकोस, तुझा आवाज फाटका आहे. चिमी म्हणाली, कुणाचा घेतलाय. दोघी हसल्या. इतकं सोपं होतं. कुणीतरी त्या जागेवर बसायला हवं होतं, बस्स. आपण इतकी वर्षं आईला मागे का बसू दिलं, याचा चिमीला पहिल्यांदाच राग आला, आणि तो राग तिला ताजा, चांगला वाटला.

शाळा एका आखूड, उतरत्या गल्लीच्या तळाशी होती. फाटक सताड उघडं, आत मैदान, मैदानात सगळी पोरं. घंटा व्हायची होती. चिमीने गाडी गल्लीच्या वरच्या टोकालाच थांबवली, किल्ली फिरवली, बंद पाकिटातली कागदपत्रं उचलली. "मी सही करून येते," म्हणाली. आईने मान डोलावली. चिमी उतरली, जवळजवळ धावतच निघाली. केस हवेत, छाती भरून आलेली. पायांना उतार लागत होता. पाय आपोआप पळत होते.

गल्लीच्या मध्यावर तिला तो उतार कळला.

ती वळली. गाडी वर उभी होती. नाक खाली, चाकं सरळ, फाटकाच्या रेषेत. चाकाखाली दगड नव्हता. गियरमध्ये टाकल्याचं तिला आठवेना. हँडब्रेक तिने आयुष्यात कधी ओढला नव्हता. मागे मैदानात पोरं खेळत होती, कुणीतरी कुणाला तरी आऊट म्हणत होतं, आणि काचेआड आई बसली होती, शांत, समोर बघत.

ती उलट पळत सुटली. चढ छातीवर आला. गाडी हलली नाही. ती दाराशी पोहोचली, दार उघडून आत सीटवर झेपावली, दार मागे ओढून घेतलं, तोवरही गाडी केसभर हलली नव्हती.

"आई, पाय काढू नकोस," ती धापा टाकत म्हणाली. काय बोलतेय हे तिचं तिलाच कळत नव्हतं. दोन्ही हातांनी तिने हँडब्रेक धरला आणि ओढला. करकर, करकर, शेवटपर्यंत. "हां. आता काढ."

"कुठला पाय?" आई म्हणाली.

आईची मांडी तशीच होती. शालीखालून तिच्या दोन्ही पायांची बोटं दिसत होती, सीटवर.

चिमीने खाली बघितलं. कालपासून पहिल्यांदाच.

रबरी चटई एका जागी खोल दबली होती. टाच वेगळी दिसत होती, चवडा वेगळा. ती बघत असतानाच तो खड्डा भरून यायला लागला. आधी चवडा. मग, सावकाश, टाच. चटई सपाट झाली आणि तिच्याखाली पत्रा हलकेच वाजला. खट.

खाली घंटा सुरू झाली. मुलं रांगा करायला पळाली.

जायला हवं होतं. फाटक समोर होतं, पाकीट हातात होतं. पण तिची नजर चटईवरून निघेना, कारण हँडब्रेक लागला आणि पाय उचलला, की पुढे काय व्हायचं, हे तिला पाठ होतं. आईच्या बाजूचं दार उघडलं नाही. तरी गाडी डावीकडे जराशी वर आली, कुणी उतरल्यावर येते तेवढी. आई समोर बॉनेटकडे बघत होती, आणि तिची मान डावीकडून उजवीकडे, चालत्या माणसामागे वळावी तशी, हळूहळू वळत होती.

"अहो," आई म्हणाली.

चिमीच्या बाजूच्या दाराची मूठ बाहेरून वर झाली.

आतून कडी घट्ट धरून ठेवायची, एवढं तिने मनाशी पक्कं केलं. हात उचललाही. घंटा अजून वाजत होती. आणि तिच्या उजव्या मांडीशेजारी, दाराच्या बाजूला, एका माणसाला पुरेल एवढी जागा झालेली तिला दिसली. कुणी काही बोलायच्या आत ती सरकली होती.